वहिनी झोपेत गेल्या नाहीत

शैलावहिनी गेल्याचं कळल्यावर पुण्याहून आणि मिरजेहून जे फोन आले, त्यांतल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला. "झोपेत गेल्या का हो?" विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. झोपेत गेलेलं माणूस त्रासाविना सुटलं असं आपण मानतो, आणि मागे राहिलेल्यांना तेवढाच आधार. शिवाय वहिनींना झोपेचा काहीतरी विकार होता, रात्री त्या कसलंसं यंत्र लावून झोपत, हे नात्यात सगळ्यांच्या कानावर होतं. त्यामुळे काहींनी तर विचारलंही नाही, "झोपेतच गेल्या म्हणे" असं पुढे सांगूनही टाकलं. म्हणून आधी हे सरळ लिहितो. माझ्या थोरल्या भावाची बायको, माझ्या शैलावहिनी, झोपेत गेल्या नाहीत. त्या चांगल्या टक्क जाग्या होत्या. इथे सिंगापूरला, बेडोकच्या बाजारात सकाळी कोथिंबिरीची जुडी निवडत उभ्या होत्या आणि तिथेच कोसळल्या. ज्या चिनी भाजीवालीशी त्यांचं रोज वाजायचं, तिनेच त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि शेजारच्या माणसाला अँब्युलन्स बोलवायला सांगितलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दादाचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. तो मला कामाच्या वेळात कधी फोन करत नाही, त्यामुळे पडद्यावर त्याचं नाव बघूनच मी उठून बाहेर आलो. "अरे... ही बाजारातून घरी आलीच नाही," एवढंच तो म्हणाला, आणि मग बराच वेळ फोनवर नुसता हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा आवाज येत राहिला.

त्यांचा रक्तदाब जुना होता. त्या झोपेच्या विकाराने रक्तदाब वाढतो, हेही डॉक्टरांनी पूर्वी सांगितलं होतं. पण म्हणून तेच कारण का, असं मी विचारलं तेव्हा "तसं म्हणता येणार नाही" असं उत्तर मिळालं. मालाची गुणवत्ता तपासून शेरा मारण्यात माझं आयुष्य गेलं आहे. पुरावा नसताना शेरा मारायचा नाही एवढं मला कळतं, तेव्हा वहिनी कशाने गेल्या हे मी लिहिणार नाही. त्या कशाने काही वर्षं आमच्यात असून नव्हत्या आणि नंतर कशा परत आल्या, तेवढं मात्र मी जवळून पाहिलं आहे.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. वहिनी मिरजेच्या. तिथल्या एका शाळेत मराठी शिकवायच्या, लग्नानंतर पुण्यातल्या शाळेत लागल्या. आमच्या घरात मोठ्याने हसायची पद्धत नव्हती. वडील सरकारी नोकरीतले, आई देवभोळी, दादा मुळातच कमी बोलणारा. या घरात वहिनी आल्या आणि पंधरवड्याच्या आत सगळ्यांच्या नकला करायला लागल्या. वडिलांची शिंक येण्याआधीची तयारी, आईचं फोनवर "बरं बरं बरं" म्हणणं, दादाचं प्रश्न विचारल्यावर आधी चष्मा पुसणं. माझी नक्कल तर त्यांनी मला ताटावर बसवूनच केली. "भाऊजी पोळ्या मोजून घेतात, भात अंदाजाने घेतात आणि श्रीखंड डोळे मिटून घेतात!" वडील हसले. वडिलांना जेवताना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वहिनी म्हटल्यावर आजही मला आधी तो हात आठवतो, पदर एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर टाकणारा. तो तसा गेला की समजायचं, आता कोणाची तरी पाळी आली.

पुढे दादाला सिंगापूरला नोकरी मिळाली. गार्गी, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा बालवाडीच्या वयाची होती. काही वर्षांनी मीही इथे आलो आणि बिशानला आमचं घर होईपर्यंत त्यांच्याच बेडोकच्या फ्लॅटमध्ये राहिलो. वहिनींनी इथे विमानतळाजवळच्या एका माल पाठवणाऱ्या ऑफिसात काम धरलं होतं. कागदपत्रं तपासायची, खोकी कुठे अडकली ते शोधायचं, अडकली की दोन्हीकडची बोलणी खायची. पहाटे निघायच्या. दुपारी परतल्या की स्वयंपाक, गार्गीचा अभ्यास, मिरजेला आईच्या दुखण्याचे फोन, पुण्याला सासूच्या औषधांचे फोन. यातलं काहीही जगावेगळं नव्हतं. आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात हेच चालू होतं. म्हणूनच वहिनी हळूहळू बदलत गेल्या ते कोणाला वेगळं वाटलं नाही.

बदल असा एका दिवसात होत नाही, त्यामुळे तो कधी सुरू झाला हे मला सांगता येत नाही. आधी नकला कमी झाल्या. मग शब्द तिखट झाले. मीठ कमी पडलं असं दादा म्हणाला तर मिठाचा डबाच त्याच्यापुढे आदळायचा. गार्गीने उत्तर इंग्रजीत दिलं की, "माझ्याशी मराठीत बोल, मी तुझी मॅनेजर नाही," असं अंगावर जायच्या. पूर्वी हेच वाक्य त्यांनी हसवायला म्हटलं असतं. लोक म्हणायला लागले, शैला तिरसट झाली. कोणी म्हणालं, वय आहे, पाळी जायच्या दिवसांत असं होतंच. कोणी योगासनांचा वर्ग सुचवला, कोणी उपास. त्यांचं वजन वाढलं होतं आणि डोकं सारखं दुखायचं. आणि त्यांना कुठेही झोप लागायची. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, लागायचीच, पण बोलता बोलता, वाक्याच्या मध्येही लागायची.

मरीन परेडला एका स्नेह्यांच्या कॉन्डोमध्ये गणपतीचं जेवण होतं, त्या दिवशी वहिनी ताट हातात घेऊन बसल्या बसल्या झोपल्या आणि शेजारणीच्या पैठणीवर वाटीभर कढी सांडली. सगळे हसले. "शैलाताई, विसर्जनाला उठवतो हं!" असं कोणीतरी ओरडलंही. वहिनींनी तिचा पदर पुसून दिला, चारदा माफी मागितली आणि आम्ही निघालो. लिफ्टचं दार बंद झाल्यावर त्या दादाला म्हणाल्या, "हसलात ना तुम्हीपण?" दादा चष्मा पुसायला लागला.

घोरण्याबद्दल आमच्यात एक गंमत आहे. पुरुष घोरला की तो विनोदाचा विषय होतो, त्याच्या घोरण्याला नावं ठेवली जातात, तोही ती मिरवतो. बाई घोरते असं कोणी म्हणत नाही. म्हणजे घोरते, पण म्हणत नाहीत. चार कुटुंबं मिळून मलाक्काला गेलो होतो तेव्हा पुरुषांची एक खोली होती आणि बायकांची एक. सकाळी चहासाठी खाली उतरलो तर वहिनी हॉटेलच्या लॉबीत, साडी चापूनचोपून नेसलेल्या, मांडीवर एक जुनं मासिक. "लवकर उठलात?" मी विचारलं. "हो, झोपच नाही येत नव्या जागी," त्या म्हणाल्या. बायकांच्या खोलीत आपण झोपलो तर काय होईल या धास्तीने त्या रात्रभर तिथे बसून होत्या, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं. घरी दादाची उशी कित्येक वर्षं हॉलमधल्या सोफ्यावर होती. कारण विचारलं तर क्रिकेट. भारताची मॅच नसतानाही क्रिकेटच.

रक्तदाब वाढला म्हणून दोघं पॉलिक्लिनिकला गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, चिनी. तिने वहिनींचा गळा आणि जबडा बघितला आणि विचारलं, झोपेत घोरता का? वहिनी म्हणाल्या, नाही. डॉक्टरने दादाकडे वळून तेच विचारलं. ज्याची उशी या एकाच कारणाने हॉलमध्ये गेली होती, तो माझा भाऊ म्हणाला, "नो लाह, डॉक्टर. व्हेरी पीसफुल." इतक्या वर्षांत दादाच्या तोंडून इथल्या लोकांचं हे "लाह" आलं ते तेवढंच. गार्गी त्यावरून त्याला अजून छळते. रक्तदाबाची गोळी घेऊन दोघं घरी आले. मला हे कळल्यावर मी दादाला विचारलं, खोटं का सांगितलंस?

"अरे, बायकोबद्दल चारचौघांत असं कसं सांगायचं?"

"चारचौघं कुठे होती? एक डॉक्टर होती."

"तरुण मुलगी होती रे ती. उद्या हिला तिच्यासमोर जाऊन बसायचंय..."

दादा लबाड नाही. त्याने खरोखरच वहिनींची लाज राखली होती. आणि वहिनींनाही तो नवऱ्याचा चांगुलपणाच वाटला होता. त्या गोळीवर आणखी एक वर्ष गेलं.

त्या वर्षातली ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावरची एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. दादा आणि माझी बायको पुढे चालत होते, मी आणि वहिनी मागे. समुद्रात नेहमीसारखी जहाजं उभी होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ऑफिस काय म्हणतंय? त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला आता रागसुद्धा येत नाही. राग आला तर बरं वाटेल. सकाळी उठते तेव्हा दिवसभर कामं करून आल्यासारखी उठते. मग वाटतं, झाला की दिवस, आता परत कशाला..." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "लोक म्हणतात शैला बदलली. मला वाटतं, मी मुळातच अशी असणार. आधी लपलेलं होतं, वयाबरोबर बाहेर आलं." मी म्हटलं, असं नाही हो वहिनी. पण ते म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नव्हता, आणि आधार नसताना मी काही बोललो की त्यांना ते लगेच कळायचं.

मग गार्गीला दिवस गेले. गार्गीचा नवरा जुनवेई इथलाच, चिनी कुटुंबातला, शांत मुलगा. वहिनींनी बाळंतपणाचा विचार केव्हाच सुरू केला होता. डिंक मिरजेहून मागवला, अळीव आणवले, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवायला काढली. एका रविवारी आम्ही सगळे बेडोकला जेवायला होतो. गार्गी म्हणाली, "आई, ॲक्च्युअली जुनवेईच्या आईने कन्फाइनमेंट नॅनी बुक केली आहे. मलेशियाहून येणार आहे. ती सगळं करेल." इथे चिनी घरांत बाळंतिणीसाठी महिनाभर अशी अनुभवी बाई ठेवतात.

"ती कशाला?" वहिनी म्हणाल्या. "मी काय मेले का? पहिलं बाळंतपण आईकडे असतं."

"आय नो, आई. पण तू दमतेस."

"बाळंतपणाला कोण दमतं? तुझ्या वेळी माझी आई..."

"आई, तू झोपतेस!" गार्गीचा आवाज एकदम चढला, आणि मग तितकाच खाली आला. "बसल्या बसल्या झोपतेस. परवा मी तुला डॉक्टरचं सांगत होते आणि तू माझ्यासमोर झोपलीस. माझं बाळ तुझ्या हातात असेल आणि तू झोपलीस तर? मला भीती वाटते. आय ॲम सॉरी, पण मला भीती वाटते."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही भांड्यांचा आवाज व्हायची वाट पाहत होतो. तो झाला नाही, आणि मला त्याचीच धास्ती वाटली. थोड्या वेळाने त्या सगळ्यांना ताक घेऊन आल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. त्या दिवशी त्यांच्यापासून काय काढून घेतलं गेलं, हे आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. मुलीच्या रागाची त्यांना सवय होती. पण मुलीला आपली भीती वाटते, आणि ती भीती खरी आहे, हे त्यांना नवीन होतं.

त्याच आठवड्यात त्या कोणाला न सांगता एकट्या पॉलिक्लिनिकला गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी मला पुढे नकलेसकट सांगितलं. डॉक्टर तीच. वहिनी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, लास्ट टाइम आय लाइड. माय हजबंड ऑल्सो लाइड. आय स्नोअर लाइक अ लॉरी." डॉक्टरने हसू दाबलं, आणि मग हॉस्पिटलच्या झोपेच्या विभागासाठी चिठ्ठी लिहून दिली.

तपासणीच्या रात्री डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून झोपायचं असतं. निकाल समजून घ्यायला दादाबरोबर मीही गेलो, कारण आकडे असले की दादा मला नेतो. या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, श्वास थांबतो. मेंदू घाबरून जागं करतो, श्वास सुरू होतो, माणूस परत झोपतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. वहिनींच्या बाबतीत हे एका तासात चाळीसहून अधिक वेळा होत होतं. मी तो आकडा दोनदा विचारून घेतला. आमच्या कारखान्यात एखादं यंत्र तासाला इतक्या वेळा बंद पडून सुरू झालं असतं, तर पाळी संपताना त्यातून निघालेल्या मालाला कोणी नावं ठेवली नसती. यंत्र उघडून बघितलं असतं. डॉक्टर म्हणाले, चिडचिड, उदासी, डोकेदुखी, दिवसा झोप, हे सगळं यात येतं. मी विचारलं, त्यांच्यावर कामाचा आणि घरचा ताणही बराच होता, मग कशामुळे काय झालं म्हणायचं? ते म्हणाले, ताणाने झोप बिघडते आणि झोप बिघडली की साधा ताण पेलत नाही, वर्षानुवर्षं चाललेल्या प्रकारात आधी काय हे आता शोधता येणार नाही. हे उत्तर मला आवडलं. माणूस माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणाला. वहिनींनी मात्र एकच प्रश्न विचारला. "मी आठव्या महिन्यापर्यंत बरी होईन का?" डॉक्टर त्यांच्या पोटाकडे बघायला लागले तेव्हा दादाने घाईघाईने सांगितलं, "डॉटर! डॉटर्स प्रेग्नन्सी!"

उपाय म्हणजे एक छोटं यंत्र. त्यातून एक लांब नळी नाकावरच्या मास्कपर्यंत येते आणि हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी राहते. वहिनींनी पहिल्याच दिवशी आरशात बघून त्याचं नाव ठेवलं, सोंड. "आता मोदक आणा आणि आरती करा माझी." पण हसणं तेवढंच. पहिले काही आठवडे फार वाईट गेले. जीव कोंडायचा, पहाटेपर्यंत त्या ते ओढून काढायच्या, सकाळी गालावर पट्ट्यांचे वळ. "हे काही माझ्याच्याने व्हायचं नाही," असं त्या मला फोनवर म्हणाल्या आणि रडल्या. दादाला बोलून धीर देता येत नाही. तो रोज संध्याकाळी त्या यंत्रात पाणी भरून ठेवायचा आणि मास्क धुऊन बाल्कनीत वाळत घालायचा. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा पेला विसळला नाही, तो. मास्क बदलून दुसऱ्या मापाचा घेतला, दाब कमी-जास्त करून पाहिला. मग हळूहळू त्या अर्धी रात्र, मग पुरी रात्र झोपू लागल्या. एक दिवस मी गेलो तर सोफ्यावर दादाची उशी दिसली नाही.

त्या बऱ्या होत आहेत हे मला कळलं ते जेवणाच्या टेबलावर. जुनवेई, गार्गी, आम्ही सगळे होतो. मी पोळी घ्यायला हात पुढे केला आणि वहिनींचा पदर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. "थांबा! भाऊजींनी अजून नमुना तपासलेला नाही," असं माझ्याच आवाजात म्हणून त्यांनी पोळी दिव्याकडे धरली, डावा डोळा मिटला, तिचा वास घेतला आणि मान हलवली, "व्यास ठीक आहे. मालकीण नापास." जुनवेईला मराठी येत नाही, तरी तो सर्वांत जास्त हसला. गार्गी हसत नव्हती. ती आईकडे नुसती बघत होती. ही बाई आपण लहानपणी पाहिलेली आहे, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

इथे एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर हिशेब चुकेल. झोप सुधारली आणि वहिनींचा राग गेला, असं झालं नाही. दादा एकदा कौतुकाने मला म्हणाला, "बघ, सगळं त्या झोपेमुळे होतं." वहिनी आतून बाहेर आल्या. "सगळं नाही हं. सगळंच झोपेच्या माथी मारू नका. काही राग माझे हक्काचे होते." आणि मग शांतपणे खुर्ची ओढून त्यांनी सांगितलं. पुण्याच्या शाळेत त्यांना कायम केल्याचं पत्र आलं, त्याच आठवड्यात दादाने सिंगापूरची नोकरी त्यांना न विचारता स्वीकारली होती. "तुम्ही मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण विचारलं नाहीत." इतकी वर्षं हा राग मिठाच्या डब्यावर, दारावर, गार्गीच्या इंग्रजीवर निघत होता. आता तो बरोबर पत्त्यावर पोचला. दादाने चष्मा काढला, पण पुसला नाही. "विचारायला हवं होतं," तो म्हणाला. वहिनी "हं" म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. मला वाटतं, ती थकव्याची चिडचिड असती तर दादाने त्या दिवशीही चष्माच पुसला असता.

गार्गीला मुलगी झाली. नॅनी ठरल्याप्रमाणे आली, कारण दिलेला शब्द मोडायचा नाही हे जुनवेईच्या आईचं म्हणणं वहिनींनाही पटलं. दिवसा मात्र वहिनी जायच्या. एकीकडे नॅनीचं आल्याचं आणि व्हिनेगरचं शिजवणं, दुसरीकडे वहिनींची अळिवाची खीर, गार्गी बिचारी दोन्ही संपवायची. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण आठवड्याभरात वहिनी नॅनीची नक्कल करायला लागल्या आणि नॅनी वहिनींची. मी आणि माझी बायको बाळ बघायला गेलो त्या सकाळी गार्गीने बाळ उचलून आईपुढे धरलं. वहिनींनी हात पुढे केले, मग मागे घेतले. "थांब, मी उभी राहून घेते." उभ्या माणसाला झोप लागत नाही, असा त्यांचा हिशेब होता. गार्गीच्या तो लक्षात आला. "बस, आई," ती म्हणाली. वहिनी बसल्या. गार्गीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारच्या पलंगावर टेकली. थोडा वेळ ती आईकडे बघत राहिली... आणि मग तिचेच डोळे मिटले. गाढ झोपली ती. वहिनी हलल्या नाहीत. माझी बायको चहा विचारायला आली तर तिला त्यांनी नुसत्या नजरेने परत पाठवलं. मुलगी आपल्या भरवशावर झोपली आहे, हे त्या बघत होत्या. दुपार होईपर्यंत त्यांनी पाठसुद्धा टेकली नाही.

त्यानंतर त्या वर्षभरही राहिल्या नाहीत.

दिवस झाल्यावरही बेडोकच्या घरी माणसं येत होती. गेल्या रविवारी इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू येऊन गेल्या. बाई चांगल्या आहेत, त्यांनी येताना वरणभाताचा डबा आणला होता. निघताना त्या म्हणाल्या, "काही म्हणा, शेवटी शेवटी शैलाताई खूप निवळल्या होत्या हो." गार्गी मुलीला खांद्यावर थोपटत उभी होती. "निवळली नव्हती काकू," ती म्हणाली. "तिची झोप झाली होती." मराठीत म्हणाली. काकूंना ते नीट कळलं नसावं, त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या.

बाळ झोपलं. गार्गीला कित्येक रात्री नीट झोप नव्हती. ती सोफ्यावर बसली आणि बोलता बोलता कलंडली. मी वर्तमानपत्र उघडलं. थोड्या वेळाने ती घोरायला लागली. तिचा जबडा आईसारखा आहे, हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. मी पान उलटणार तोच दादाने हात वर केला. त्याने टीव्ही बंद केला, जेवणाच्या टेबलाची खुर्ची न वाजवता उचलली, सोफ्याजवळ आणून ठेवली आणि पुढे वाकून बसला.

"काय रे?" मी विचारलं.

"गप्प. ऐकतोय."

मीही ऐकू लागलो. घोरणं एका लयीत चाललं होतं. मग ते थांबलं. खालच्या मैदानातल्या मुलांचा आवाज तेवढा येत होता. दादाने माझ्याकडे पाहिलं. मग गार्गीचा खांदा हलला, तिने मोठा श्वास ओढला आणि लय पुन्हा सुरू झाली. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तिने डोळे उघडले. बाप आणि काका दोघंही तिच्याकडे वाकून बघत होते.

"काय झालं? बाबा? व्हॉट?"

"घोरत होतीस," दादा म्हणाला. सरळ, माझ्यासमोर, मोठ्या आवाजात.

"शी! काहीतरीच काय, बाबा. काका आहे इथे."

"असू दे काका. मध्ये श्वास थांबतोय तुझा. उद्या डॉक्टरकडे जायचं."

"मी थकलेय फक्त."

"असशील. तरी जायचं. मीपण येणार." दादा खुर्चीवरून उठला नाही. "आणि डॉक्टरने मला विचारलं ना, तर या वेळी मी खरं सांगणार आहे."